पहिली टर्म आईबापांचीसुद्धा: रत्नागिरीतल्या एका विशेष शाळेचा अनुभव

विशेष शाळा शोधणारे पालक मला स्टँडवर गाठतात आणि पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो: तिथे थेरपी कोणकोणत्या आहेत? मी त्यांना सांगतो, ते जरूर विचारा, पण दुसऱ्या नंबरला. आधी विचारा की मूल शाळेत रुळेपर्यंत शाळा घरच्यांसाठी काय करते. आमच्या मनूच्या शाळेने जे केलं ते सविस्तर लिहितोय. जे कमी पडलं तेही लिहितोय. शाळेचं नाव घालत नाही, कारण यात इतर पालकांच्या मुलांचेही उल्लेख आहेत आणि आपल्याकडे गावाच्या नावावरून मूल लगेच ओळखलं जातं. ज्यांना खरंच हवं असेल त्यांनी मला विचारावं, पत्ता देईन, सोबतही येईन.

मी एसटीत वाहक, रत्नागिरी आगार. घर पावसच्या बाजूला. मनू सहा पूर्ण झाली तेव्हा आम्ही तिला शाळेत घातलं. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे अंगाच्या हालचालींवर ताबा राहत नाही. पाठीला आणि पायांना आधार दिला तर बसते, उजवा हात थोडा वापरते, बोलत नाही. मात्र राग, लोभ, भूक, कंटाळा सगळं चेहऱ्यावरून कळतं. अधूनमधून आकडी येते, त्याचं औषध चालू आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येणाऱ्या आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) पथकाने तिला लहानपणीच सिव्हिलला पाठवलं होतं, त्यामुळे आजाराचं नाव लवकर कळलं. व्यायाम सुरू झाले. पण शाळा हा शब्द काढायला आम्हाला फार धीर लागला. ज्या मुलीला आपल्याशिवाय कोणी पाणीसुद्धा पाजू शकत नाही, तिला सकाळी कोणाच्या तरी हातात देऊन यायचं, या विचारानेच मनूच्या आईची झोप जायची.

मूल शाळेत रुळावं म्हणून घरच्यांना सोबत घेऊन शाळा एक कार्यक्रम चालवते. तो प्रवेशाच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतो आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चालतो. पैसे घेत नाहीत. एक विशेष शिक्षिका तो सांभाळतात, फिजिओथेरपिस्ट मॅडम येऊन जाऊन असतात, आणि प्रत्येक नव्या घराला एक जुनं घर जोडून देतात. म्हणजे ज्यांचं मूल काही वर्षं त्या शाळेत आहे असे आईबाप.

पहिल्या भेटीत मोठ्या बाईंनी आम्हाला त्यांची शाळा दाखवलीच नाही. आधी कायदा समजावला. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 6 ते 18 वयाच्या, 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. ज्या मुलांचं दिव्यांगत्व फार तीव्र आहे त्यांना घरी राहून शिकण्याची सोय शिक्षण हक्क कायद्यात 2012 साली घातली, तीही त्यांनी सांगितली. म्हणाल्या, "आधी तुमच्या गावची शाळा बघा, गट साधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतात त्यांना भेटा. मग ठरवा. इथे आलात तर मला आनंद आहे, पण दुसरीकडे काही नाहीच असं समजून येऊ नका."

आम्ही गेलो. गावातले गुरुजी माणूस म्हणून चांगले, पण संडासाला दोन पायऱ्या, उचलायला कोणी नाही आणि सगळे वर्ग दोन शिक्षकांवर. तेव्हा विशेष शाळा आम्ही निवडली. निवडली, हे महत्त्वाचं. शेजारपाजारच्या लोकांनी "वेड्यांच्या शाळेत घातली" असं म्हटलं तेव्हा मनूची आई डगमगली नाही, कारण सगळं बघून निर्णय तिने घेतला होता.

मग घरभेट. शिक्षिका आणि फिजिओ मॅडम दोघी पावसला आल्या. त्या वेळी माझी आई मनूला भरवत होती. दुपारचं भरवायचं काम तिचंच. मांडीवर आडवी घ्यायची, डोकं कोपरावर मागे टाकायचं आणि गुरगुट्या भाताचं पाणी स्टीलच्या चमच्याने तोंडात सोडायचं. मनू ठसकायची, आई पाठ चोळायची, परत चमचा. पाच पोरं अशीच वाढवली, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मॅडम काही बोलल्या नाहीत. भरवून झाल्यावर त्यांनी तांब्या उचलला, भांड्यात पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "आजी, जरा मान पार मागे टाकून तुम्ही एक घोट प्या बघू."

आईने मान मागे टाकली, घोट घेतला आणि तिलाच जोराचा ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. थोडा वेळ ती गप्प बसली आणि म्हणाली, "गो बाय, पोरीला रोज असं व्हायचं?"

त्यानंतर मॅडमनी तासभर फक्त भरवायलाच शिकवलं. मनूला कोपऱ्यात उशा लावून सरळ बसवली. कंबर काटकोनात, पाय लोंबकळत न ठेवता पाटावर टेकवलेले, मान मध्ये आणि हनुवटी किंचित खाली. भरवणाऱ्याने समोर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचं. उभ्याने भरवलं की मूल वर बघतं आणि मान मागे जाते. चमचा उथळ आणि प्लास्टिकचा, कारण अशा मुलांचे दात चमच्यावर गच्च आवळले जातात आणि स्टील लागतं. चमचा जिभेच्या मध्यावर हलकेच दाबायचा, ओठ मिटायची वाट बघायची, मग सरळ बाहेर काढायचा. वरच्या दातांना घासून भात पुसायचा नाही. भाताचं पातळ पाणी घशात पटकन उतरतं आणि मुलाला सांभाळता येत नाही, म्हणून पेज दाट करायची. नाचणीचं सत्त्व दाट, कुळथाची पिठी दाट. जेवल्यावर अर्धा तास तरी आडवी करायची नाही. हे सगळं आईने ऐकलं, स्वतः करून दाखवलं, आणि मग फार मोठी गोष्ट केली. म्हणाली, "शाळेत कोण भरवणार तिला? तिला माझ्याकडे पाठवा."

शाळेने खरंच तसं केलं. ज्या मावशी वर्गात मुलांना भरवतात त्या जूनच्या आधी आमच्याकडे येऊन आईच्या शेजारी बसून मनूला भरवून गेल्या. मनू कधी तोंड फिरवते, फिरवलं म्हणजे पुरे आणि जीभ पुढे काढली म्हणजे आणखी हवंय, हे आईने मावशींना सांगितलं आणि मावशींनी वहीत उतरवून घेतलं. मी आगारात, प्रवासात, दवाखान्यांत पुष्कळ माणसं बघितली. शिकलेल्या माणसाने म्हाताऱ्या बाईकडून शिकून घेतल्याचं मी फार कमी वेळा बघितलंय. या एका दुपारीसाठी मी या कार्यक्रमाला पूर्ण गुण देईन.

याच्या आधी एका थेरपी सेंटरचा अनुभव आम्ही घेतला होता. तिथे मूल आत न्यायचे, दार लावायचे आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवायचे. आतून रडणं ऐकू यायचं. ठरलेला वेळ झाला की मूल बाहेर, "छान केलं आज," एवढंच. काय केलं, घरी काय करायचं, कोणी सांगितलं नाही. पैसे मात्र प्रत्येक वेळचे वेगळे. इथे दार उघडं होतं, हा फरक मनूच्या आईने पहिल्याच दिवशी मला फोन करून सांगितला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा पहिला आठवडा आई वर्गातच, मुलीच्या मागे. नंतर वर्गाच्या दुसऱ्या टोकाला. मग व्हरांड्यात. मग पालकांच्या खोलीत, आणि सगळ्यात शेवटी घरी. कोणत्या मुलाला किती दिवस लागतील ते आधी ठरवलेलं नव्हतं, मुलाकडे बघून ठरवायच्या. एक गोष्ट बाईंनी सगळ्यांना बजावली होती: न सांगता, नजर चुकवून पळायचं नाही. आपल्याकडे सर्रास सांगतात, "तिचं लक्ष नाही तोवर निघ." बाईंचं म्हणणं असं की तसं केलं तर मूल पुढच्या वेळी तुमच्यावरची नजरच काढत नाही, खेळणार काय आणि खाणार काय. रोज तेच शब्द म्हणायचे, हात हातात घेऊन म्हणायचे आणि जायचं. मनूची आई म्हणते, "आई घरी चालली, भात झाला की येते." मनूला वेळ कळत नाही, पण भात झाल्यावर आई येते हे कळायला लागलं. मावशी ताट आणायला उठल्या की तिची नजर दाराकडे जाते.

ज्या मुलांना शब्द किंवा चित्रं समजत नाहीत त्यांच्यासाठी वस्तू वापरतात. जेवणाच्या आधी हातात चमचा द्यायचा, व्यायामाच्या आधी चटईचा कोपरा, घरी निघताना गाडीची काहीतरी खूण. आम्हाला विचारलं, मनू कशात बसून येते? रिक्षात. मग रिक्षावाल्या दादांनी सीटच्या जुन्या रेक्झिनचा तुकडा कापून दिला, मनूच्या आईने त्याच्या कडा शिवल्या. सकाळी तो तुकडा तळहातावर घासला की मनू दोन्ही पाय ताणून हसते. तिला कुठे जायचंय ते आता तिला आधी कळतं. यासाठी कोणतंही महागडं यंत्र लागलं नाही.

आकडीचा विषय आम्हाला सगळ्यात जास्त घाबरवायचा. बाईंनी आधी आमच्याकडून मोबाईलवर काढलेला आकडीचा व्हिडिओ मागून घेतला आणि डॉक्टरांना दाखवायला आम्हालाही सांगितलं. मग मनूच्या नावाचा एक कागद तयार केला आणि वर्गात, ऑफिसात, रिक्षात तिन्हीकडे लावला. आधी घड्याळ बघा. कुशीवर वळवा. मानेभोवतीचं सैल करा. तोंडात बोट, चमचा, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. 5 मिनिटांच्या वर गेली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकात मारायचा मिडॅझोलमचा फवारा, आणि लगेच दवाखाना. रिक्षावाल्या दादांना बोलावून बाहुलीवर दाखवलं, त्यांच्याकडून करून घेतलं. माणूस इतका मन लावून शिकला की त्याने स्टँडवरच्या आपल्या सोबत्यांनाही शिकवलं.

गाडीत प्रवाशाला आकडी आली की लोक कांदा फोडतात, चप्पल नाकाला लावतात, मुठीत किल्ल्या कोंबतात, हे मी नोकरीत अनेकदा बघितलंय. मी त्या कागदावरचं मनूचं नाव काढून एक प्रत आमच्या आगारात विश्रांतीच्या खोलीत लावली आहे. चालक-वाहकांनी हे वाचावंच.

आता सोबतीच्या घराबद्दल. आम्हाला जे घर दिलं ते मिरकरवाड्यातलं. त्यांचा मुलगा चौदा वर्षांचा, वडील बंदरावर काम करतात. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे ते नेमके शाळेच्या सुरुवातीच्या दिवसांत मोकळे असत आणि स्वतःहून फोन करीत. मनू जुलैत सर्दी-तापाने आजारी पडली, बरी झाली आणि परत पडली. माझ्या आईने जाहीर केलं, पोर शाळेमुळे आजारी पडते, बस करा. मी मुक्कामी गाडीवर होतो. रात्री त्यांना फोन केला. म्हणाले, "दादा, आमचा पहिला पावसाळा असाच गेला. चार पोरांत बसायला लागलं की सुरुवातीला पोर आजारी पडतंच. ताप उतरेपर्यंत घरी ठेवा, पण शाळा तोडू नका. तोडलीत तर परत पहिल्यापासून." तेच वाक्य डॉक्टरांनी सांगितलं असतं तर आईला पटलं नसतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या मंडळींकडून माझ्या आईला फोन करवला. दोघी बराच वेळ बोलल्या, बहुतेक मुलांबद्दल, थोडं सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, दराबद्दल. मनूची शाळा चालू राहिली.

पालकांच्या खोलीत ज्या बायका बसतात त्यांचं तर किती सांगू. लांज्याहून एक येते, तिचा मुलगा रागावला की चावतो, तिच्या हातावर वळ असतात. संगमेश्वरकडची एक, जुळ्यांपैकी एकाला घेऊन येते, दुसरा गावच्या शाळेत जातो. तिथे कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही. मनूची आई लग्न होऊन आली तेव्हा पुष्कळ बोलायची, मनूच्या जन्मानंतर तिचं बोलणं कमी होत गेलं होतं. जुलैच्या शेवटी ती घरी येऊन मला त्या खोलीतल्या गोष्टी सांगायला लागली आणि जेवण निवून जाईपर्यंत सांगत राहिली. शाळेच्या अहवालात हे कुठे लिहिलेलं नसतं, म्हणून मी इथे लिहितोय.

कागदपत्रांसाठी त्यांनी ठेवलेला दिवसही फार कामाचा होता. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, कसं काढायचं, त्याचे रंग कशाचे (40 टक्क्यांखाली पांढरं, 40 ते 80च्या आत पिवळं, 80 आणि वर निळं), लहान मुलांचं प्रमाणपत्र बऱ्याचदा मुदतीचं असतं ती तारीख कशी लक्षात ठेवायची, हे समोर बसवून सांगितलं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना मला माहीतच नव्हती. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ती आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत खर्च मिळू शकतो, त्यात ठरलेल्या मर्यादेत थेरपीचाही खर्च येतो आणि आधी वैद्यकीय तपासणी मागत नाहीत. अलिम्को या सरकारी कंपनीची सीपी चेअर (सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना आधार देणारी खुर्ची) मोजमाप शिबिरातून मिळते, त्याचा अर्ज तिथेच भरून घेतला. एसटीच्या सवलतीबद्दल बोलायला मलाच उभं केलं. दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सवलत, आणि 65 टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल तर सोबतच्या माणसाला 50 टक्के. खोलीतल्या निम्म्या लोकांना सोबत्याची सवलत ठाऊक नव्हती. मुलाला कडेवर घेऊन महिनोन्महिने पूर्ण तिकीट काढून आलेली माणसं होती ती.

आता जे कमी पडतं ते. हे सगळं मी बाईंना समोर बसून सांगितलंय, मागे बोलत नाही.

शाळेची व्हॅन शहरातच फिरते, भाट्ये पूल ओलांडत नाही. पावस, गोळप, कोळंबे या बाजूच्या मुलांना स्वतःची सोय करावी लागते. आमचा रिक्षाचा खर्च महिन्याच्या पगारातला मोठा वाटा खातो. एसटीची सवलत आहे हे खरं, पण आमच्या गाडीच्या पायऱ्या किती उंच आहेत ते मला सांगायला नको. वाढत्या वजनाचं मूल, दप्तर, छत्री आणि पावसाने निसरडी झालेली पायरी, एकट्या आईला ते जमत नाही. ज्या कार्यक्रमात इतकं बारीक बघितलं जातं, तिथे मूल शाळेपर्यंत पोहोचणार कसं याचा विचार प्रवेशाच्या आधीच पालकांबरोबर बसून व्हायला हवा. एका बाजूची तीन-चार मुलं मिळून एक रिक्षा ठरवता आली असती. पुढे ती आम्ही पालकांनीच ठरवली.

पालकसभा आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकराला. त्या वेळी बाप कुठे असतो? कोणी गाडीवर, कोणी बागेत, कोणी जेटीवर. वडिलांसाठी एक रविवार ठेवला होता आणि त्या एकाच दिवशी जे बोलणं झालं त्यावरून सांगतो, असे रविवार प्रत्येक महिन्याला हवेत. एरवी तोंडातून शब्द न काढणारा एक बागाईतदार त्या दिवशी म्हणाला की मुलाला घेऊन देवळात जायला त्याला अजून जमलेलं नाही. कोणी त्याला उपदेश केला नाही. पुढच्या सोमवारी दुसरे दोन बाप आपापली मुलं घेऊन त्याच्याबरोबर गेले.

तिसरी गोष्ट गणपतीची. कोकणात गणपतीला शाळा बंद राहणार, घरात मुंबईचे पाहुणे, आरत्या, झांजा, फटाके, जेवणाच्या वेळा उलट्यासुलट्या, हे दरवर्षीचं आहे. मी तर त्या दिवसांत जादा गाड्यांवर, घरी नाहीच. सुट्टी संपून मनू परत गेली तेव्हा पुन्हा रडणं, पुन्हा जेवण नाकारणं, सगळं जूनसारखं. आणि कार्यक्रमात त्यासाठी काही आखलेलं नव्हतं. आई परत व्हरांड्यात बसायला लागली, बाईंनी लगेच हो म्हटलं, पण हे आधीपासून वेळापत्रकात असायला हवं. सुट्टीच्या आधी घरच्यांना दोन गोष्टी सांगून ठेवायला हव्यात: भरवायची जागा आणि माणूस बदलू नका, आणि तो रेक्झिनचा तुकडा, ती चटई, जे काही असेल ते सुट्टीतही दिवसातून एकदा हातात द्या. आता हे बाईंनी लिहून घेतलंय.

फिजिओ मॅडम आठवड्यातून एकदाच येतात. मुलं इतकी, त्या एकट्या. त्यांचा पहिला अहवाल इंग्रजीत आला, मागितल्यावर त्यांनी मराठीत हाताने लिहून दिला आणि तोच जास्त कामाचा निघाला. मोठ्या भावंडांसाठी मात्र काहीच नाही. आमचा मोठा मुलगा चौथीत आहे. त्याच्या शाळेतली मुलं त्याला बहिणीवरून विचारतात, तो घरी सांगत नाही, मला त्याच्या मित्राकडून कळलं. अशा मुलांना एक दिवस शाळेत बोलवा, बहिणीचा वर्ग दाखवा, त्यांचं ऐका.

आणि दिवाळीनंतर कार्यक्रम संपतो हे मला पटत नाही. निदान सोबतीचं घर वर्षभर ठेवा. आमच्या बाबतीत ते आपोआप टिकलं, कारण माझ्या आईची आणि त्या काकूंची मैत्री झाली. प्रत्येकाच्या बाबतीत तसं होईल असं नाही.

कोणाला हे जमणार नाही तेही सांगतो. ज्या घरात दोघंही रोजंदारीवर आहेत आणि म्हातारं माणूस नाही, त्यांना आईने आठवडेच्या आठवडे शाळेत बसणं परवडत नाही. अशा एका घरासाठी बाईंनी मुलाची सख्खी मावशी आणि मामी आळीपाळीने बसवल्या होत्या, पण मजुरी बुडायची ती बुडालीच. यावर शाळेकडे उपाय नाही, तो सरकारने काढला पाहिजे. 2022 साली दिव्यांग कल्याणासाठी राज्यात वेगळा विभाग झाला. मुलाला शाळेत रुजवायला बसणाऱ्या आईच्या बुडालेल्या मजुरीचं काहीतरी करावं, एवढी मागणी त्या विभागाकडे आपण सगळ्यांनी मिळून करायला हवी.

जाणार असाल तर जूनची वाट बघू नका. जानेवारीत जा, म्हणजे घरभेटीला वेळ मिळतो. युडीआयडी कार्ड नसलं तरी जा, ते काढायला तेच मदत करतात. जन्माचा दाखला, आधार, दवाखान्याचे जुने कागद आणि आकडी येत असेल तर तिचा व्हिडिओ बरोबर ठेवा. मुलाला न्याच. आणि घरात मुलाला रोज भरवणारं जे माणूस असेल, आजी, आत्या, मोठी बहीण, कोणीही, त्यालाही न्या, कारण पहिले प्रश्न त्यालाच विचारतात.